वेशीतलं सांगणं

गोरक्ष पाणी नेहमी बसून प्यायचा. हाक मारण्याआधी हात वर करायचा. बोलताना पायाच्या अंगठ्याने माती उकरायचा. घरून तुरीची डाळ आणायला सांगितली तर मूग घेऊन यायचा. दुकानात त्याला 'मूग' एवढंच म्हणता आलेलं असायचं. कुणी नाव विचारलं की शेजारच्याकडे बघायचा, आणि शेजारचा त्याचं नाव सांगायचा.

त्याचं अडखळलेलं वाक्य गावात कुणीही पुरं करायचं. सगळ्यांत आधी छगन. छगनच्या मनात वाईट काही नसायचं. "आरं, तुझं निम्मं बोलणं मी करतो, मला निम्मी भाकर दे," म्हणायचा. लोक हसायचे. गोरक्षही हसायचा.

पाथर्डीकडचं आमचं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं. तिथे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. गोरक्षचं लग्न जमत नव्हतं, म्हणून मुकादमाने त्याला घेतलं नाही. त्या दुष्काळाच्या वर्षी शेतातही काही नव्हतं. गाव गेलं. मागे गोरक्ष, काही म्हातारी माणसं आणि कुलूपबंद दारं.

सुरुवातीला तो दिवसदिवस कुणाशी बोलला नाही. जेवण जाईना. मग शेळीशी बोलू लागला. मग दारांशी.

मी नगरला मराठी घेऊन बी.ए. झालो होतो, नोकरी शोधत होतो. संक्रांतीला गावी आलो तेव्हा तो मला संध्याकाळी बरोबर घेऊन निघाला. एकेका बंद दारासमोर थांबून घरच्या माणसाला नावाने हाक मारायचा आणि घराची हकिकत सांगायचा. मच्छिंद्र, तुझ्या मागच्या भिंतीला चीर गेली होती, मी लिंपली. एकदाही अडखळला नाही. छगनची आई रंगुबाई आपल्या ओट्यावर बसून ऐकत होती. "लई बोलतंय आता," ती मला म्हणाली. "मलाच मधी डुलकी लागती."

 कसं जमलं, मी गोरक्षला विचारलं.

"दाराला घाई न्हाई," तो म्हणाला.

आमच्याकडे एक रीत आहे. तोडीहून आलेल्यांनी आधी वेशीत थांबायचं. मागे राहिलेल्याने प्रत्येकाला त्याच्या घरचं बरंवाईट सांगायचं; मगच कुलूप काढायचं. हा मान दर वर्षी मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या सहादेवतात्यांचा. त्या वर्षी गोरक्षने तो मागून घेतला.

फाल्गुनात गाड्या यायच्या होत्या त्याच दिवशी मी एसटीने आलो. उतरताच कळलं, माघात रंगुबाई गेली. शेवटचं पाणी गोरक्षने पाजलं होतं. छगनला निरोप धाडला होता, पण टोळी तोवर दुसऱ्या कारखान्यावर हलली होती. छगनला ठाऊक नव्हतं. तात्या म्हणाले, मी सांगू का? गोरक्षने नकारार्थी मान हलवली. त्यालाच सांगायचं होतं.

संध्याकाळी वेशीत बैलगाड्या थांबल्या. गोरक्ष उभा राहिला. मच्छिंद्रला भिंतीचं सांगितलं, बनुबाईला शेळी व्यायल्याचं. शब्द सरळ येत होते. लोक हसायचं विसरून ऐकत होते. 

"छगन," तो म्हणाला. "तुझी आई..."

पुढे शब्द येईना. ओठ हलत राहिले. अंगठा मातीत रुतला.

छगन हसला. "रुसली आसंल. न्हाईतर इथं आली आसती. ऱ्हाऊ दे, मीच समजूत काढतो तिची."

तोडीहून आलेली सगळी हसली. छगनने बोचकं खांद्यावर टाकलं आणि घराकडे चालू लागला. गोरक्षचा हात वर उठला होता. आवाज फुटला नाही. तात्या काठी टेकत छगनच्या मागे निघाले. मी जागचा हललो नाही.

रतनबाई पुढे येऊन उभी राहिली. छगननंतर तिचा नंबर होता. बराच वेळ उभी होती. गोरक्ष तिच्याकडे बघत होता, पण ती त्याला दिसत नव्हती, असं मला वाटलं. मग तिने कमरेची किल्ली काढली आणि न ऐकताच गेली. मागोमाग बाकीचेही गेले.

रतनबाईच्या घरापासून पुढची सगळी आळी सांगायची राहिली.