काकांच्या पोटाचे फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी बी.एड.ला कॉपी केली होती तेसुद्धा सांगून टाकलंय. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही आमच्या गणपतीला येणार नाही, माझ्या काकूशेजारी बसणार नाही.

भाईकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रत्नागिरीला, मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर त्यांचा बर्फाचा कारखाना. यंत्राच्या धडधडीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे घरातसुद्धा समुद्रापलीकडे ऐकू जावं असं बोलायचे. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल — त्यांना शौचावाटे रक्त जायला लागलं. मूळव्याध, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि आम्हा सगळ्यांना महिनोन्‌महिने सुरण खायला लावला. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी बोट घालून तपासलं, तर गाठ लागली. तुकडा काढून तपासला. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा कॅन्सर.

डॉक्टर म्हणाले, "कापायचं ते कापूच. पण आधी कळू दे, गाठ आतड्याच्या भिंतीतच आहे की भिंत फोडून बाहेर गेलीय. यकृतात पोचलीय का. मुंबईला जाऊन सीटी स्कॅन करा, तिथल्या सर्जनना दाखवा."

रत्नागिरीत तेव्हा ते यंत्र कुठलं असायला! बरोबर कोण जाणार, हा प्रश्नच नव्हता. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. काकू म्हणाली, "तूच जा रे बाबा. ते डॉक्टर इंग्रजीत बोलणार. तू जवळ असलास म्हणजे ह्यांना धीर."

धीर! एस.टी.त मी काय भाषण ठोकलं म्हणता. क्ष-किरण गोल फिरतात, शरीराचे आडवे काप घेतल्यासारखे फोटो निघतात, मग डॉक्टर एकेक काप बघून सांगतात रोग कुठवर आलाय ते. काकांनी शांतपणे ऐकलं आणि मग अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे माझी सुरमई करणार म्हण की!" कंडक्टरसुद्धा हसला.

स्कॅन झाला. त्या गार खोलीतून काका कुडकुडत बाहेर आले. "मेले यंत्राला जपतात, माणूस गोठला तरी चालेल!" दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन सर्जनकडे जायचं होतं.

आता इथून पुढची गोष्ट आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे. मी काकांच्या शेजारी बसलो, डॉक्टरांनी फोटोवर बोट ठेवून मला समजावलं, मी नेमके प्रश्न विचारले, काकांचा हात हातात धरून ठेवला. काकू ही गोष्ट इतकी छान सांगते — मलाच कधीकधी ती खरी वाटते.

खरं काय झालं? सांगतो. सांगायलाच तर बसलोय.

नावाचा पुकारा झाला. "नातेवाईकांनी पण आत या." काका उठले. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी पाणी पिऊन आलोच." पाण्याचा माठ दाराशीच होता. अर्धवट उघड्या दारातून मला ती उजेडाची काच दिसली, तिच्यावर टांगलेले काळे फोटो दिसले — आणि मी जिना उतरलो. रस्ता ओलांडला. कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरून मसाला डोसा मागवला.

डोसा चांगला होता. हेही सांगायला हवं ना? मी तो चवीनं खाल्ला. वर कॉफी घेतली. संपली तशी दुसरी घेतली. डॉक्टर काहीतरी बोलतील, काका वळून माझ्याकडे बघतील, आणि त्या वेळी माझ्या तोंडावर काहीतरी असावं लागेल — तेवढंच मला नको होतं. माणूस मरेल याची भीती नव्हती ती. ती असती तर निदान प्रेम तरी म्हटलं असतं.

परत आलो तर काका बाकावर बसलेले, मांडीवर फोटोंचं पाकीट. माझ्याकडे बघून म्हणाले, "मिशीला चटणी लागलीय तुझ्या."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. गाठ भिंतीच्या बाहेर गेलेली दिसत नाही. यकृत साफ आहे. ऑपरेशन होईल. पण गाठ इतकी खाली आहे की शौचाची वाट कायमची बंद करावी लागेल, पोटावर जन्मभर पिशवी. "चालेल का विचारलंन. मी हो म्हटलं." एवढंच.

घरी आलो. काका आंघोळीला गेले आणि काकूनं मला गाठलं. "पिशवीचं ऐकल्यावर हे काय म्हणाले रे? घाबरले?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, "छे! हसले. डॉक्टरांना म्हणाले, पिशवी तर पिशवी, बाजाराला जाताना नाहीतरी लागतेच."

काकू इतकी हसली की पदरानं डोळे पुसायला लागली. काका पंचा गुंडाळून बाहेर आले तेव्हा तिनं त्यांनाच ते वाक्य ऐकवलं. काकांनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. "होय तर," म्हणाले. "म्हटलं खरं तसं."

पुढे ते वाक्य त्यांचंच झालं. ऑपरेशन उत्तम झालं, काका अनेक वर्षं ठणठणीत जगले, आणि येईल त्या पाहुण्याला पोटावर थाप मारून बाजाराची पिशवी ऐकवत राहिले. एकदा कारखान्यात मी सुरुवात केली होती, "काका, त्या दिवशी मुंबईला —" ते म्हणाले, "कळलं. लादीला हात लाव, वितळतेय." मी हात लावला. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

म्हातारपणानं, झोपेत गेले. काकू आहे. अजून दर गणपतीला नव्या सुनांना ती गोष्ट सांगते आणि शेवटी मला विचारते, "होय ना रे?" मी होय म्हणतो.

त्या खोलीत काका खरंच काय म्हणाले? गप्प झाले का? दाराकडे वळून पाहिलं का त्यांनी? सांगणारा माणूस कितीतरी वर्षं माझ्यासमोर बसून चहा पीत होता. मी विचारलं नाही.