गांधीबागेतले आत्या

आमच्या पेढीत सगळे ज्यांना आत्या म्हणत, त्यांना झुबकेदार मिशा होत्या. अंग पैलवानी, आवाज गोदामाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. बाहेरगावचा व्यापारी पहिल्यांदा नागपूरच्या गांधीबागेत आला आणि कुणी त्याला म्हणालं, ‘जरा थांबा, आत्या येऊ द्या,’ की तो बिचारा एखाद्या वयस्क बाईंची वाट पाहत बसे. मग तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत, खिशाला स्क्रू पिळायचा पेचकस लावलेले आत्या येत आणि व्यापाऱ्याच्या हातातला चहा तसाच राही.

हे नाव त्यांनी स्वतः कमावलं होतं. ते मूळचे उमरेडचे, कोष्ट्यांच्या घरातले. वडील मागावर बसत. हे कॉम्प्युटरकडे वळले आणि आमच्या ठोक कापडाच्या पेढीतली सगळी यंत्रं सांभाळू लागले. नवं यंत्र आलं की ते त्याचं बारसं करत. फुटाणे आणि संत्राबर्फी मागवायची, सगळ्यांना गोळा करायचं, यंत्राशी वाकून हळूच नाव सांगायचं आणि मगच ते सर्व्हरमध्ये चढवायचं. बारशात नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, तो मानही ते सोडत नसत. पाठ वाकवून उभे राहत आणि म्हणत, “जोरानं मारा गा. हळू मारलं का नाव टिकत नाई.”

नाव लगेच ठरत नसे. “पोरगं कसं निघते ते पाह्यल्याबिगर नाव ठेवाचं नाई,” असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर यंत्राचा स्वभाव पाहायचा, मग निकाल. सकाळच्या गर्दीत हमखास अडून बसणारा बिलांचा प्रिंटर म्हणजे फुगी. हिशेबाच्या शेंडेबाईंचा कॉम्प्युटर उठायलाच तयार नसे, तो झोपाळू. गोदामातला, धूळ खात निमूट राबणारा, तो सोशिक. माझ्या टेबलावरच्याचं नाव त्यांनी भांडखोर ठेवलं. ते यंत्राकडे पाहून ठेवलं की माझ्याकडे, हे मी कधी विचारलं नाही.

यंत्रं एकमेकांना लांबलचक आकड्यांनी ओळखतात. माणसाला ते आकडे कुठले लक्षात राहायला? म्हणून सर्व्हर एक नोंद ठेवतो: अमुक नावाचा आकडा अमुक. मी बिल फुगीकडे पाठवलं की भांडखोर आधी सर्व्हरला विचारणार, फुगी कुठे राहते, आणि मगच कागद सरकणार. ही नोंद म्हणजे आत्यांचा जीव.

धाकट्या शेठना मात्र ती नावं पसंत नव्हती. ते नुकतेच पुण्याहून शिकून आले होते. बड्या गिऱ्हाइकासमोर कुणी ‘झोपाळूत बघून सांगतो’ म्हणालं की त्यांचे कान लाल होत. मजला, खातं आणि नंबर मिळून प्रत्येक यंत्राला कोड द्यायचा, असा त्यांचा बेत तयार होता. अडत होतं ते एवढ्यावरच, की चालू गाडी कशी थांबवायची.

ती शेंडेबाईंनी थांबवली. मे महिना होता, लग्नसराई जोरात, आणि सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडलेला. आत्या आत घामानं निथळताना बाईंना बघवेना. त्यांनी आपल्या टेबलाजवळचा कुलर आत नेऊन लावला. विजेची लाइन सारखी जात होती, तेव्हा कुलर बंद पडू नये म्हणून त्याची वायर सर्व्हरच्या यूपीएसमध्येच खोचली. आमच्या नागपुरात मे महिन्यात कुणावर जीव असला की माणूस त्याला कुलर लावून देतो. लाइन गेली, कुलरनं बॅटरी पिऊन टाकली आणि नोंद लिहिता लिहिता सर्व्हर आडवा झाला.

लाइन आल्यावर पाहतो तर नावांच्या नोंदीची चाळण झालेली. आत्यांनी तिची प्रत ठेवलेली असे, पण सर्व्हर उठला की तो आपणहून ताजी प्रत काढी. त्या दिवशी त्यानं कर्तव्यदक्षपणे खराब नोंदीची प्रत काढून चांगलीवर चढवली.

सगळी यंत्रं धडधाकट, पण कुणी कुणाला ओळखेना. बिलं फुगीपर्यंत पोचेनात, गोदामातला माल दिसेना आणि भंडाऱ्याचे व्यापारी गाठोडी बांधून उभे. धाकटे शेठ कोडचा कागद घेऊनच आले. पाटी कोरी झालीच आहे तर आता माझेच कोड टाकू, म्हणाले; बाहेरचा माणूस बोलावतो. आत्यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ मागून घेतला. आत्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

शेंडेबाई कोपऱ्यात डोळे पुसत होत्या. आत्या जाता जाता त्यांच्यापाशी थांबले. “रडू नको वं बाई. माही माय असती तर तिनंबी कुलरच लावला असता.”

आधी त्यांनी नोंद दुरुस्त करून पाहिली. ती काही सुधारेना. तेव्हा त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली आणि सर्व्हरला नवी, रिकामी नोंद सुरू करायला लावली. पडद्यावर एकही नाव नव्हतं. धाकट्या शेठनी विचारलं, आता नावं आणणार कुठून?

“बारशाच्या दिवशी नाव आत्या सांगते,” आत्या म्हणाले. “पोरगं मोठं झालं का आपलं नाव आपणच सांगते.”

त्यांनी सगळ्यांना आपापली मशीन बंद करून चालू करायला सांगितलं. प्रत्येक यंत्राला स्वतःचं नाव पाठ होतं आणि उठल्याबरोबर ते सर्व्हरकडे जाऊन सांगणार होतं. आम्ही पडद्याभोवती गोळा झालो. पहिलं नाव आलं भांडखोर, साहजिकच. मग सोशिक. मग एकामागून एक बाकीची. झोपाळूचा पत्ता नव्हता. शेंडेबाईंनी हात जोडले. व्यापारीसुद्धा माना उंचावून पाहू लागले. बऱ्याच वेळानं तोही आला, तेव्हा भंडाऱ्याच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

फुगी तेवढी आली नाही. तो प्रिंटर जुना, त्याला आपलं नाव सांगता येत नसे. आत्यांनी ते हातानं लिहिलं आणि सवयीनं पाठ वाकवली. शेंडेबाईंनी सकाळपासूनची सगळी धास्ती त्या धपाट्यात घातली. फुगी खडखडू लागली. धाकट्या शेठनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि ते वर निघून गेले.

पुढे आत्या निवृत्त होऊन उमरेडला गेले. पेढीत अजूनही त्यांच्यावाचून करमत नाही. मध्यंतरी जुना सर्व्हर काढून नवा आणला आणि नाव ठेवायचं काम माझ्यावर आलं. मी कोडच पडणार असं धरून बसलो होतो, तर धाकटे शेठ फुटाणे आणि बर्फी घेऊन खाली उतरले. सर्व्हरचं नाव त्यांनीच सुचवलं: आत्या. आता रोज सकाळी सगळी यंत्रं उठतात आणि आत्याला आपापलं नाव सांगतात.

मी उमरेडला फोन करून हे कळवलं. पलीकडे आत्या खाकरले. मग त्यांनी विचारलं, “तुह्या पाठीत कोनं मारलं का गा?”

“धाकट्या शेठनी.”

“जोरानं?”

“अजून दुखतेय.”

“मंग टिकते नाव,” आत्या म्हणाले आणि फोन ठेवला.