एकवीस चेंडूंपर्यंत पोचलेली ईरा

मैत्रिणींनो, आज नातीच्या जर्मन बेसबॉल ट्रेनरशी मी चक्क वाद घातला! सगळ्यांत जास्त चेंडू हातून सुटतात, म्हणून तो ईराला संघातून वगळणार होता.

साठच्या दशकात बाबा जर्मनीत लुडविग्सहाफेनला केमिस्ट होते. रविवारी आम्ही राइन नदीपलीकडे अमेरिकन सैनिकांचा बेसबॉल बघायचो. माझ्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर फक्त चुका मोजायच्या. बाबा मात्र कोण किती चेंडूंपर्यंत पोचला, ते वहीत मांडायचे. म्हणायचे, "अगं, जो जागचा हलतच नाही, त्याच्या हातून सुटणार काय?"

आज सरावात मीही कागदावर मांडलं. ईरा आणि तिच्या जागी येणार होती ती मुलगी, दोघींकडे तीस-तीस चेंडू आले. ईरा एकवीस चेंडूंपर्यंत पोचली, त्यातले चार सुटले. दुसरी नऊपर्यंतच पोचली, सुटला एकही नाही.

ट्रेनरने कागद दोनदा वाचला. "गेनाऊ," म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. शनिवारी ईरा खेळणार!

तुमच्या घरात अशी धडपडी कोण आहे?