सिकरूममधली धडधाकट मुलगी

माझी मावशी मुलींच्या एका निवासी शाळेत नर्स होती. घरी ती आमची मावशी, शाळेत सगळ्यांची सिस्टर. त्याआधी बरीच वर्षं तिने एका मोठ्या इस्पितळात काम केलं होतं. पाठीच्या दुखण्यामुळे रुग्ण उचलणं जमेना, तेव्हा ती या शाळेत आली. "इथे उचलायचं काही नाही. फार तर एखादी मुलगी नाटक करून बेशुद्ध पडते, तोंडावर पाणी मारलं की स्वतःच उठते," असं ती सांगायची.

वसतिगृहाच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून तिची सिकरूम होती. भिंतीला टेकलेले चार लोखंडी पलंग, काचेचं औषधांचं कपाट, वजनकाटा आणि खेळाच्या मैदानाकडे उघडणारी खिडकी, एवढाच पसारा. परीक्षेच्या दिवसांत पलंग भरून जायचे. मावशी एकेकीच्या पोटावर हात ठेवायची आणि निदान सांगायची, "हे गणिताचं पोट आहे. पेपर झाला की थांबेल." मुली हसायच्या, पण उठून वर्गात जायच्या. ती कोणाला खोटारडी म्हणायची नाही, म्हणून मुली तिच्याकडे खरंही बोलायच्या.

त्यातलीच एक होती जिराफ. हे नाव तिला मैत्रिणींनी दिलं होतं आणि तिने ते हौसेने मिरवलं होतं. वरच्या वर्गातली, बास्केटबॉलच्या संघातली, दारातून आत येताना सवयीने मान वाकवणारी मुलगी. एकदा खेळताना तिचा पाय मुरगळला आणि तिला सिकरूममध्ये मुक्काम करावा लागला. तिला भेटायला एक मुलगी रोज यायची. शाळेच्या वाद्यवृंदात बासरी वाजवायची म्हणून मावशी तिला बासरीवाली म्हणायची. दोघी खिडकीशी बसून रसायनशास्त्राचा अभ्यास करायच्या आणि मधेच एवढ्या हसत सुटायच्या की मावशीला दटावावं लागायचं.

एका दुपारी बासरीवाली वर्गात गेल्यावर जिराफ म्हणाली, "सिस्टर, एक सांगू? मला ती आवडते."

"आवडण्यासारखीच आहे."

"तसं नाही. मैत्रिणीसारखी नाही. तशी." एवढं बोलून ती छताकडे बघत राहिली.

मावशी तिच्या पायाचं बँडेज सोडवत होती. तिने सोडवलेल्या पट्टीची गुंडाळी केली. शेवटी ती म्हणाली, "बरं. पाय उशीवर ठेव, सूज उतरू दे."

त्या आठवड्यात मावशी आमच्याकडे आली तेव्हा हे सगळं तिने मला सांगितलं. मी तेव्हा कॉलेजात होते. "पोरीने एवढं मन उघडं केलं, आणि मी तिला उशी दिली," असं म्हणून तिने कपाळावर हात मारला.

"तू ओरडली नाहीस, हेच तिच्यासाठी खूप असेल," मी म्हटलं.

मावशीचं त्यावर समाधान झालं नाही. शाळेत तपासणीला एक डॉक्टर यायचे. तिने त्यांना आडपडदा न ठेवता विचारलं, "डॉक्टर, एखाद्या मुलीला मुलगीच आवडली तर तो आजार असतो का?" डॉक्टर म्हणाले, "नाही हो. वैद्यकशास्त्राने ते केव्हाच मान्य केलंय. एखाद्याचं डावखुरं असणं जसं, तसं समजा." मावशीला एवढं पुरलं. पुढच्या वेळी जिराफ पट्टी बदलायला आली, तेव्हा मावशीने तिला स्वतःहून सांगितलं, "त्या दिवशी तू जे बोललीस ना, त्यात काही वावगं नाही. मी नीट विचारून घेतलंय." जिराफने तिला मिठीच मारली.

मग व्हायचं तेच झालं. संगीताच्या खोलीत दोघी हातात हात घेऊन बसलेल्या जिराफच्या खोलीतल्या एका मुलीने पाहिल्या. तिने ते चार जणींना सांगितलं, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्या वसतिगृहाच्या तोंडी तोच विषय झाला. दोघी ज्या टेबलावर बसत, तिथून बाकीच्या ताटं घेऊन उठू लागल्या. न्हाणीघराच्या दारावर कोणीतरी घाणेरडं लिहिलं. एका संध्याकाळी जिराफ सरावाहून परतली तर तिची गादी बाहेर व्हरांड्यात टाकलेली होती, आणि तिच्या खोलीतल्या मुली दाराला आतून कडी लावून खिदळत होत्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी मावशीला बोलावून घेतलं. बाई काही दुष्ट नव्हत्या. मुलींच्या आजारपणात रात्ररात्र जागलेल्या होत्या. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता. शेजारी वसतिगृहाच्या रेक्टरबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"त्या उंच मुलीला तुमच्याकडे हलवा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पालकांना बोलावलंय. ते येईपर्यंत ती सिकरूममध्येच राहील. तिथेच जेवेल, तिथेच झोपेल."

"पण ती आजारी नाही, बाई."

"मला माहीत आहे."

"मग धडधाकट मुलीला आजाऱ्यांत का ठेवायचं? सगळ्यांना वाटेल, हिला काहीतरी झालंय. लागण होण्यासारखं."

"वर ठेवू? कालची गादी पाहिलीत ना? उद्या कोणी तिला ढकललं, मारलं, तर जबाबदार कोण?"

"मग ज्यांनी गादी फेकली त्यांना हलवा ना."

रेक्टरबाई मधेच म्हणाल्या, "त्या अख्ख्या मजल्याच्या मुली आहेत, सिस्टर. तेवढ्यांना कुठे हलवणार?"

जिराफला वर ठेवलं तर छळ, खाली आणलं तर शिक्षा. शेवटी तिने स्वतःच वर जाऊन जिराफची गादी खांद्यावर घेतली. पाठीचं दुखणं असताना कशाला उचललीस, असं तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, नंतर तिला म्हणाले, तर ती म्हणाली, "दुसऱ्या कोणी तिला हात लावला नसता."

सिकरूममध्ये जिराफ पहिल्या दिवशी उभीच राहिली. "सिस्टर, पलंगावर बसलं की मला खरंच आजारी असल्यासारखं वाटतंय." मावशीने तिला आपली खुर्ची आणि टेबल दिलं आणि स्वतः स्टुलावर बसून कामं केली. तिचे धडे वर्गातून मागवले. शिक्षिका पुस्तकं द्यायच्या, पण आत पाऊल टाकायच्या नाहीत. उंबऱ्यावरूनच "कशी आहेस?" विचारून पाठ फिरवायच्या.

एक खालच्या वर्गातली मुलगी तापाने आली होती. तिने जिराफकडे बोट दाखवून विचारलं, "सिस्टर, त्या ताईला काय झालंय?"

"काही नाही झालेलं."

"मग ती इथे का?"

मावशीने मुलीच्या तोंडात थर्मामीटर ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. जिराफने मात्र पुस्तकातून मान वर करून म्हटलं, "मला उंचीचा आजार आहे. जपून राहा, तुलाही लागण होईल." लहान मुलगी थर्मामीटरसकट खुदकन हसली. मावशी मला म्हणाली होती, "तिला हसवायला जमलं, आणि मला साधं खरं सांगायला जमलं नाही."

बासरीवालीला वाद्यवृंदातून काढलं होतं आणि सिकरूमकडे फिरकायची बंदी होती. तरी एक दिवस ती पोट धरून आली. मावशीने पोट तपासलं नाही. "ये, बस," एवढंच म्हणाली, आणि दार सताड उघडं ठेवून स्वतः तिथेच कापसाचे बोळे करत बसली. दोघी समोरासमोर बसल्या. बोलणं असं काही नव्हतंच. "जेवलीस का?" "हो. तू?" "तुझा तो धडा झाला?" असंच काहीबाही. जाताना बासरीवालीने जिराफच्या खांद्यावर हात ठेवला, आणि नेमक्या त्याच क्षणी रेक्टरबाई जिन्यावरून उतरत होत्या.

मावशीला ताकीद मिळाली. पुन्हा असं झालं तर नोकरीचा विचार करावा लागेल, असं रेक्टरबाईंनी सुनावलं. घरी काकांनी तिला समजावलं. ते बस चालवायचे आणि शब्द जपून वापरायचे. "तू बरोबर आहेस. पण तुझ्या एकटीच्या बरोबर असण्याने काय होणार?" मावशी म्हणाली, "तेच तर मला कळत नाही."

जिराफचे आईवडील आले ते शनिवारी. वडील चिडलेले असतील म्हणून मावशी मनाची तयारी करून बसली होती, पण तो माणूस रडून रडून थकलेला होता. त्याने मावशीपुढे हात जोडले. "सिस्टर, तुम्ही एवढे रुग्ण पाहिलेत. यावर औषध काय?"

"आजार असता तर औषध सांगितलं असतं. तुमची मुलगी ठणठणीत आहे."

"एका डॉक्टरांचं नाव कळलंय. ते अशांना सरळ करतात म्हणे."

मावशीने उलट त्यालाच हात जोडले. "तिथे नेऊ नका हो. पाया पडते. तिथून माणसं बरी होऊन येत नाहीत, घाबरून येतात. तुम्हाला हसरी मुलगी हवी ना? मग तिला आहे तशी घरी न्या आणि परीक्षेला बसवा."

वडिलांनी मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची ते कळलं नाही. आई पलंगाशी उभी राहून मुलीचे कपडे घडी करत होती. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत होती. नवरा बाहेर गेल्यावर तिने हळूच विचारलं, "नीट जेवते का ती?"

"अर्धं ताट टाकते," मावशी म्हणाली. "तुम्ही तिच्या शेजारी बसून जेवा. एवढं तरी करा."

आईचे डोळे भरून आले.

निघताना मावशीने जिराफला आपला फोन नंबर तोंडपाठ करायला लावला. जिराफने तो बिनचूक म्हणून दाखवला. मग तिने विचारलं, "सिस्टर, तुम्ही मला इथे ठेवून घेऊ शकत नाही ना?" हा प्रश्न मावशीच्या मनातून कधी गेला नाही. तिने खरं तेच सांगितलं. "नाही गं. माझ्या हातात नाही." जिराफने मान डोलावली आणि दारातून जाताना सवयीने वाकली. गाडीत बसताना तिने वर, वसतिगृहाच्या खिडक्यांकडे पाहिलं. सगळ्या खिडक्यांत मुली उभ्या होत्या. हात एकीनेही हलवला नाही. बासरीवालीला त्या वेळी वर्गात बसवून ठेवलं होतं.

पुढच्या बैठकीत सगळा शिक्षकवर्ग आणि संस्थेचे अध्यक्ष हजर असताना मावशी उठून उभी राहिली. आयुष्यात ती कधी सभेत बोलली नव्हती. "कोणाला कोण आवडतं यावरून एकाही मुलीला छळू नये आणि शाळेतून काढू नये, असा नियम करा," ती म्हणाली. "छळलं तर छळणारीला जाब विचारा. या मुलीही आपल्याच आहेत." कोणी खाली बघत होतं, कोणी पेनाशी खेळत होतं. अध्यक्ष म्हणाले, "यावर जरूर विचार करू." मग चहा आला. नंतर जिन्यात एक शिक्षिका तिचा हात दाबून म्हणाली, "बोललात ते फार छान केलंत." मावशी म्हणाली, "तुम्हीही बोलायचं होतं. मी एकटी पडले."

जिराफचा फोन एकदाच आला. "सिस्टर, मी बरी आहे," ती म्हणाली. आवाज सपाट, पाठ केल्यासारखा. शेजारी कोणीतरी होतं, हे मावशीला लगेच कळलं. "जेवतेस ना?" विचारलं तर, "हो. ठेवते." त्यानंतर मावशीने त्या नंबरवर अनेकदा फोन केला. आधी कोणी उचलायचं नाही, मग तो नंबरच बंद झाला. शाळेकडे पत्ता होता, पण तो द्यायला रेक्टरबाईंनी नकार दिला. परीक्षेला ती कुठून बसली, बसली की नाही, तिला त्या डॉक्टरकडे नेलं की नाही, हे मावशीला आजतागायत माहीत नाही.

बासरीवालीने मात्र परीक्षा दिली. वर्षभर कोणाशी बोलली नाही. शाळा सोडायच्या दिवशी ती सिकरूममध्ये आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"सिस्टर, जाताना ती रडली का?"

"नाही."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

मावशीला खोटं बोलता आलं असतं. पण मुलींशी ती कधीच खोटं बोलली नव्हती. "नाही बाळा. सगळे उभे होते ना भोवती."

"हं," मुलगी म्हणाली, आणि गेली.

मावशीने राजीनामा द्यायचं बोलून दाखवलं होतं, पण दिला नाही. "मी गेले तर पुढच्या मुलीने यायचं कोणाकडे?" असं तिचं म्हणणं. शाळेने तो प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. नव्या वर्षात तिची बदली लहान मुलींच्या इमारतीत केली. तिथे दिवसभर खरचटलेले गुडघे आणि हलणारे दात. ती ते काम मन लावून करते. मोठ्या मुलींच्या सिकरूमला आता दुसरी सिस्टर आहे. ती कशी आहे, असं मी मावशीला विचारलं.

"चांगली आहे," मावशी म्हणाली. "नाकासमोर बघून काम करते. कोणाला काही विचारत नाही."