गोल शेगडी

इमाम शिकलगार माझे तीस वर्षांचे शेजारी. कसबा बावड्यात आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत, मधे कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे त्यांचं परडं आणि परड्यातच त्यांचं वेल्डिंगचं शेड. मी चित्रकलेचा मास्तर, आता निवृत्त, आणि कुणाचा आवाज सहन न होणारा माणूस. त्यांच्या ग्राइंडरवरून आमची इतकी भांडणं झाली की शेवटी मैत्री होण्यावाचून इलाज उरला नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. पुढचं वाचून कुणी मला गंडेदोरे सुचवू नयेत.

इमामभाईंच्या हातात माप होतं. खिशात टेप असायचा, पण तो बाहेर काढलेला मी क्वचितच पाहिला. गेट, जिना, खिडकीची जाळी, सगळं नजरेनं कापायचे आणि बसवताना सुताचाही फरक पडायचा नाही. "टेप चुकतोय, हात चुकत न्हाय," म्हणायचे. मग करोनाचं दुसरं वर्ष आलं. स्मशानाच्या शेडमध्ये सरण रचायला लोखंडी दाहिनी असते, खाली जाळी आणि बाजूंना उभ्या सळ्या. त्या गावोगाव कमी पडायला लागल्या. शिरोळकडून, गारगोटीकडून माणसं यायची, तोंडाला रुमाल बांधून, लांबूनच काम सांगून जायची. चार महिन्यांत इमामभाईंनी सत्तावीस दाहिन्या केल्या. त्यांच्यात दफन करतात, जाळत नाहीत. तरी केल्या.

दाहिनी पूर्ण झाली की ते स्वतः तिच्यावर झोपायचे. उताणे, डोळे मिटून, हात अंगासरसे, मिनिटभर. मी ते भिंतीवरून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातली चहाची बशी खाली पडली.

"ओ इमामभाई, हे काय चाललंय?"

"बघाय लागलोय," ते न उठताच म्हणाले. "सळीचं टोक पाठीला टोचतंय का ते."

"मेलेल्या माणसाला काय टोचणार?"

"टोचलं तर सांगणार कोण, सर? म्हणून मीच बघतो."

माझा धाकटा भाऊ केरबा त्याच वर्षी गावाकडे वारला. आम्हांला कुणालाच जवळ जाऊ दिलं नाही. त्या गावची दाहिनी इमामभाईंच्या हातची होती, हे मला नंतर कळलं. कळलं त्या दिवशी मी दार लावून घेऊन पोटभर रडलो.

ते वर्ष सरलं आणि त्यांनी शेडला कुलूप लावलं. डोळे गेले म्हणून सांगायचे. खरं कारण त्यांच्या बायकोनं, रोशनबीनं, मला सांगितलं. दारात बसायला एक बाक करायला घेतला होता; तो साडेसहा फुटांचा, नेमका दाहिनीएवढा झाला, खाली जाळी घेऊन. त्यांनी तो तिथल्या तिथं मोडला आणि पुन्हा वेल्डिंगला हात लावला नाही.

यंदाच्या मे महिन्यात त्यांचा मुलगा तोहिद पुण्याहून आला, बरोबर त्याची मुलगी सना, आजोबांना दादा म्हणणारी. तिला सातवं वर्ष लागून सरत आलेलं. वाढदिवस परड्यात करायचा, कोळशावर चिकन भाजायचं, असं तोहिदच्या डोक्यात होतं. "बार्बेक्यू मोबाइलवरनं मागवतो की," तो म्हणाला. इमामभाई ताडकन उठले. "शिकलगाराच्या घरात लोखंड बाहेरनं यायचं व्हय? मी करतो."

संध्याकाळी भिंतीपाशी आले. "सर, एकदा जित्या माणसांसाठी काय तरी करायचं हाय. न्हाय जमलं तर ह्यो हात आता त्यांचाच झाला म्हणायचं."

माणूस घाबरला होता. मी थट्टेवारी नेलं. खायचं काम आहे, जमणार नाही तर काय, असं काहीतरी बोललो. ते हसले नाहीत.

दोन दिवस शेडमधून आवाज येत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवरून डोकावलो. परड्यात लिंबाच्या झाडाखाली दाहिनी उभी होती.

साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद, बाजूंना सळ्या. आणि इमामभाई तिच्यापुढे उभे राहून फडक्यानं ती पुसत होते, अगदी खुशीत. आपण काय केलंय ते त्यांना दिसतच नव्हतं.

"इमामभाई," मी म्हणालो, "माणसं किती आहेत जेवायला?"

"धा-बारा. का वो?"

माझी नजर त्या सळ्यांवरच होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मी जिकडे पाहत होतो तिकडे पाहिलं. फडकं हातातच राहिलं. "या अल्ला," एवढंच म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी ती कापायला घेतली. टेप घ्या, टेप घ्या म्हणून मी घसा फोडून ओरडलो, पण ऐकतील तर शप्पथ. "बारकी करतो, सर. एकदम बारकी." बाजूच्या सळ्या उडवल्या, लांबी कमी केली, आखूड पाय जोडले. आता खरंच शेगडी दिसायला लागली. मलाही हायसं वाटलं. तोहिदनं तर फोटो काढून मित्रांना पाठवले.

पाचच्या सुमाराला रोशनबीची किंकाळी ऐकू आली.

मी भिंतीवरून उडी टाकून गेलो, या वयात. सना शेगडीवर झोपली होती. उताणी, डोळे मिटून, हात अंगासरसे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. इमामभाई झोपायचे तेव्हा ती अंगणवाडीतही जात नव्हती, आणि होती पुण्यात. तिच्या टाचा एका कडेला टेकल्या होत्या आणि डोकं दुसऱ्या कडेला. बोटभर जागा उरली नव्हती, बोटभर कमीही पडली नव्हती. लिंबावर कावळे बसले होते, तेही गप्प.

"सना, ऊठ," इमामभाई म्हणाले.

तिनं डोळे उघडले नाहीत. "टोचत नाही, दादा," ती म्हणाली.

तोहिदनं तिला ओढूनच उचललं. पाठीवर जाळीचे वळ उठले होते. दिवेलागणीला तिला ताप भरला. डॉक्टर व्हायरल म्हणाले, औषध दिलं. रोशनबीनं मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या, तर घरात कुणाला साधा ठसका लागला नाही. दुसऱ्या दिवशी ताप एकशे तीन. तोहिद बापाशी बोलेना. इमामभाई शेडच्या दारात बसून होते, पुढ्यात आपले दोन्ही तळवे धरून.

"सर, मी नातीचं माप घेतलं," म्हणाले. "ह्या हातांनी."

मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मला राग येतो. "मूर्खासारखं बोलू नका," मी खेकसलो. "उठा. कापा ती."

"कापून काय करू? परत तेच हुतंय."

"मी सांगतो तसं करायचं. उठा म्हणतो ना!"

तिसऱ्या दिवशी सकाळी कटर लावला. वीतभर वीतभर तुकडे केले. व्हायरलचा ताप तिसऱ्या दिवशी उतरतोच, शाळेत असले पन्नास ताप मी पाहिलेत. शेवटचा तुकडा खाली पडला तेव्हा रोशनबी दारात येऊन "पोरीला घाम फुटला" म्हणाली, हेही खरं आहे. मी दोन्ही सांगितलं. ज्यानं त्यानं आपापलं बघावं.

मग मी खिळा, सुतळी आणि खडू घेऊन शेडच्या फरशीवर वर्तुळ काढलं, दोन हात रुंद. "हे करायचं," म्हणालो. "गोलात माणूस झोपत नाही."

इमामभाईंनी सळी लाल केली आणि वाकवायला घेतली. सळी सरळच राहिली. दोनदा, तीनदा तापवली. वाकलेली सळी त्यांच्या हातात पुन्हा सरळ व्हायची. "हात सरळ जातोय, सर," ते रडकुंडीला आले. शेवटी मी त्यांची दोन्ही मनगटं धरली, आणि खडूच्या रेघेवरून आम्ही दोघांनी मिळून ती सळी फिरवली, पाटीवर पोराचा हात धरून गिरवून घेतात तशी. त्यांचे हात उलट दिशेला जोर करत होते. ते करत होते की हात आपले आपण करत होते, मला अजून सांगता येत नाही. ठिणग्यांनी माझ्या शर्टाला चार ठिकाणी भोकं पडली. पण सांधा जुळला.

रविवारी उन्हं कलल्यावर कोळसे पेटवले. चिकनला रोशनबीनं कांदा-लसणाची चटणी चोळून ठेवली होती. पाहुणे आले, पोरं परडंभर धावायला लागली, सना सगळ्यांच्या पुढे. तोहिदनं तुकडे जाळीवर मांडले आणि वास सुटला. इमामभाई हातात चिमटा घेऊन शेगडीभोवती फिरत होते. एक फेरी, दोन, तीन. लोकांना वाटलं, कोळसे बघताहेत. मग ते माझ्यापाशी आले आणि खालच्या आवाजात विचारलं, "सर, हिची डोक्याची बाजू कुठली?"

"शेगडीला डोकं नसतं, इमामभाई."

"मग उभं कुठं ऱ्हायाचं?"

"कुठंही राहा. जिथं पोरं आहेत तिथं राहा."

ते गेले आणि सनाशेजारी उभे राहिले, अवघडून, कुणाच्या तरी दारात गेल्यासारखे. ताटलीत वाढलेला तुकडा तिनं दोन घासांत संपवला होता. तिनं रिकामी ताटली त्यांच्यापुढे धरली.

"दादा, अजून."

इमामभाईंना कळलंच नाही. "काय?"

"अजून दे की!"

ते वळून माझ्याकडे बघायला लागले. धुरानं असेल, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"सर, अजून म्हणतीया," ते म्हणाले. "सत्तावीस केल्या. अजून म्हणून कुणी मागितलं न्हवतं."

आणि भाजलंय का कच्चं आहे हे न बघता त्यांनी जाळीवरचं सगळं तिच्या ताटलीत वाढलं.