ऑल्वेजचं कार्ड गेलं कुठं?

शनिवारी सकाळची शाळा होती आणि मी एका मुलीवर उगाच ओरडले... अजून रुखरुख जात नाही, म्हणून लिहून टाकते.

मी पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात सातवीला इंग्रजी शिकवते. दिवाळीपर्यंत वर्गात चौतीस मुलं होती. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या भरल्या आणि आईबापांबरोबर पोरंही गेली... उरली बारा.

दरवर्षीचंच आहे हे. पण दोन वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून मला ते जास्त लागतं. शाळा सुटली की पाथर्डीच्या भाड्याच्या खोलीवर यायचं, एका माणसाचा कुकर लावायचा, आणि टीव्हीवर कुणीतरी बोलत असतं तेवढाच आवाज. एकटं वाटतं... त्यात लाजायचं काय?

त्या सगळ्या संध्याकाळी घालवायला म्हणून मी कार्डं करत बसायचे. जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे कापून त्यावर स्केचपेनने एकेक इंग्रजी शब्द लिहायचा, दोरा ओवायचा. वर्गात प्रत्येकाच्या गळ्यात एक शब्द, आणि पोरांनी रांगेत उभं राहून वाक्य करायचं.

आय, विल, हेल्प... इथपर्यंत ठीक. मग ऑल्वेजवाला आला की गोंधळ सुरू. आपण ‘मी नेहमी मदत करीन’ म्हणतो, म्हणून तो पळत जाऊन आयच्याच शेजारी उभा राहायचा. मग मी त्याला दंडाला धरून विल आणि हेल्पच्या मधे घालायचे, आणि ते दोघं काही केल्या सरकायचे नाहीत. कॅन, मस्ट, शुड... सगळीकडे हीच ढकलाढकली. हसून हसून पुरेवाट व्हायची. नेव्हर, सून, ऑल्सो असे मधे घुसणारे नऊ शब्द होते माझ्याकडे आणि पोरांना तेच हवे असायचे.

तर शनिवारी उजळणी घ्यावी म्हणून मी कार्डं ठेवलेला बुटाचा खोका दिवाळीनंतर पहिल्यांदाच उघडला. आत आय होता, विल होता, सगळी क्रियापदं होती. मधे घुसणाऱ्या नवांपैकी फक्त एक कार्ड उरलं होतं... प्रॉबेब्लीचं. बाकी आठ गायब.

खोका सांभाळायचं काम सनाचं. तिच्या वडिलांचं गावात बांगड्यांचं दुकान आहे, त्यामुळे ती कुठे जात नाही. मी तिला विचारलं, ती खाली बघत राहिली. मग माझं डोकं फिरलं... तुला एक काम सांगितलं तेही धड जमत नाही, किती संध्याकाळी घालवल्यात मी त्यावर, असं काय काय बोलले. बारा पोरांसमोर. ओरडताना मला कळत होतं की हे सगळं काही सनावरचं नाही, पण तोंड थांबेना.

मधल्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. सना तेवढी बाकावर बसून होती. एका बाजूची जागा रिकामी... ती ज्योतीची. ज्योती यंदा कोल्हापूरकडे तोडीवर गेलीय.

मी शेजारी जाऊन बसले तशी ती हळूच म्हणाली, “बाई, हारवली न्हाईत. म्याच वाटली. गाड्या निघायच्या टायमाला जे भेटले त्या एकेकाला दिली.”

कशाला गं, मी विचारलं.

“आमची अम्मी शेजारच्या काकूला तोडीवर जाताना एक वाटी देती. म्हनती, वाटी द्यायला तरी परत यावं लागंल.” आणि पुढे म्हणाली, “मनीषाला गेल्या साली काईच दिलं न्हवतं.”

मनीषा गेल्या वर्षी या दोघींच्याच बाकावर बसायची. तोडीवर गेली ती परत आलीच नाही. तिचं लग्न लावून दिलं, असं मागाहून कानावर आलं. हजेरीतलं तिचं नाव मी खोडलं आणि कामाला लागले. ही पोर मात्र वर्षभर त्याचा हिशोब स्वतःकडे घेऊन बसली होती... आपण काही दिलं नाही म्हणून ती आली नाही.

चुकलं गं माझं, एवढंच म्हटलं. सुट्टीनंतर वर्गासमोर पुन्हा म्हटलं, कारण ओरडले होते तेही सगळ्यांसमोरच.

मग आम्ही वाक्य केलं. विल आणि हेल्पच्या मधे एका माणसाची जागा सोडून पोरं उभी राहिली. मी सांगितलं नव्हतं... आपसूकच.

शाळा सुटली. मला दुपारच्या गाडीने कर्जतला भावाकडे यायचं होतं. तिकडच्या शाळेसाठी मी बदलीचा फॉर्म भरलाय, भावाशी फोनवर त्याबद्दल बोलताना पोरांनी ऐकलं असणार. फाटकापाशी सना पळत आली आणि ते शेवटचं कार्ड माझ्या हातात ठेवलं.

“तुमाला हे. बदली झाली तरी द्यायला या.”

आत्ता भावाच्या ओट्यावर बसून हे लिहितेय. घर भरलेलं आहे, वहिनीने आग्रहाने वाढलंय, आणि तरी माझा हात सारखा पर्समधल्या त्या कार्डाकडे जातोय. फॉर्म मी मागे घेतलेला नाही, खोटं कशाला सांगू... काय करायचं ते अजून कळत नाही.

पण गुढीपाडव्याच्या सुमारास तोड संपेल, गाड्या परत येतील, आठ कार्डं घेऊन आठ जण रांगेत उभे राहतील. ज्योती येईल... यावीच. त्या दिवशी मी कुठल्याही शाळेत असले तरी नववं कार्ड गळ्यात घालून तिथे हजर असणार आहे.

सना, विलच्या शेजारची माझी जागा तेवढी धरून ठेव गं.