माक्याच्या तेलाचा डाग

आमच्या दारात मोटार आली त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. रागानं. लोकांच्या घरी एवढी मोठी वस्तू आली तर बाया आरतीचं ताट घेऊन पुढं होतात, आणि मी ओसरीवर पाठ करून बसले होते. आमच्या ह्यांनी अंगणातून दोनदा हाक मारली, तरी वळून पाहिलं नाही.

राग कशाचा, ते सांगते. आमचा टांगा होता. देऊळघाटहून बुलढाण्याला उतारू न्यायचे आणि आणायचे, एवढाच धंदा. घोडी गुणाची होती, घर बरं चाललं होतं. पण त्या रस्त्यावर माणसं कोंबून नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी धावायला लागल्या आणि टांग्याकडं माणूस फिरकेना. ह्यांनी एका सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरची मनधरणी करून मोटार हाकायला शिकून घेतलं, आणि तेव्हापासून डोक्यात एकच खूळ, आपली भाड्याची मोटार असावी. नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती. जुनी पाहायला खामगाव झालं, मलकापूर झालं, सगळीकडून भाव ऐकून तोंड पाडून परत. आणि मग एक दिवस घोडी आणि टांगा विकून हे चक्क मोटारच घेऊन उभे! एवढी स्वस्त कशी मिळाली म्हणून विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, "वकिलाची हाय."

वकिलाची म्हटल्यावर मी कपाळावर हात मारला. बुलढाण्यातल्या देशमुखांचा धाकटा मुलगा तो, नुकती वकिली सुरू केलेला. तापानं फणफणला. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणून घरच्याच मोटारीत घालून मलकापूर स्टेशनावर नेत होते, तर घाट उतरता उतरता मागच्या सीटवरच त्याचा जीव गेला. मग थोरल्या भावाला ती मोटार दारात नजरेसमोर नको झाली. येईल त्या किमतीला काढली, तरी कोणी घेईना. आम्ही घेतली.

"मढ्याची मोटार हाय ते!" मी ओरडले. "गुणाची घोडी देऊन मढ्याची मोटार आनली तुमी. बसन काय कोनी तिच्यात?"

"धुतो ना," हे म्हणाले. "अशी धुतो का नवीकोरी दिसन. पाहजो तू."

माणूस असा गरीब स्वभावाचा की भांडायलाही मजा येत नसे.

दुसऱ्या दिवसापासून मोटार धुणं सुरू झालं. सकाळी सकाळी नदीवर न्यायची, चाकं पाण्याला लागतील एवढी पुढं घ्यायची आणि बादलीनं पाणी मारायचं. घोडी गेली होती, पण तिचं अंग घासायचा खरारा तेवढा मागं राहिला होता. त्यानं हे चाकांचे आरे घासायचे, आणि घासता घासता सवयीनं "हो, हो, उभी राय" असं पुटपुटायचे. मी लांबून पाहत होते. हसू येत होतं आणि रडूही येत होतं, पण दोन्ही दाखवलं नाही.

मी त्या मोटारीला बोट लावणार नव्हते. पण कोणी चुकीचं घासत असलं की माझ्यानं बघवत नाही. एक दिवस पाहते तर हे पुढच्या पितळी दिव्यांना विटेचा भुगा चोळून राहिलेले! मी तशीच धुण्याची बादली टाकून धावले.

"अवो, पितळ हाय ते का दगड? सारं खरवडून ठेवान! सरका तिकडं."

घरून चिंच आणली, चुलीतली राख आणली, आणि दिवे असे लखलखीत केले की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. झालं, बोलता बोलता मी त्या मोटारीची मोलकरीणच होऊन बसले. वरचा कापडी टप रिठ्याच्या पाण्यात धुतला. जवसाच्या तेलात मेण वितळवून पत्र्याला लावलं आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं घोटलं. ह्यांचा एकच कायदा होता, कोरडं फडकं पत्र्याला लावायचं नाही. "धुळीत बारीक खडा असते, रंगावर ओरखडा काढते. आंधी पानी, मंग फडकं." मी म्हणायची, नवी सून आणली तर तिचे एवढे लाड नाही करणार तुम्ही.

सगळी मोटार उजळली. एक जागा सोडून.

मागच्या सीटवर उजव्या हाताला, टेकायच्या चामड्यावर, डोकं येतं तेवढ्या जागी तेलाचा डाग होता. माणूस रोज एकाच जागी टेकून बसला की पडतो तसा, गोल आणि काळपट. मी त्याला बेसन चोळलं, मुलतानी माती थापून वाळवली, रिठ्यानं धुतलं. सकाळी वाटायचं, गेला. दुपारी मोटार उन्हात उभी राहिली की चामडं तापायचं आणि आतलं तेल पुन्हा वर यायचं. आणि वास! माक्याच्या तेलाचा, घरी उकळलेल्या, कापूरकाचरी घातलेल्या. इतका ताजा, की वाटावं कोणी आत्ताच डोकं उचलून बाहेर गेलंय. माझ्या अंगावर काटा यायचा. मग भीतीचा पुन्हा राग व्हायचा आणि मी आणखी जोरानं घासायची.

बुलढाण्याच्या मोटार स्टँडवर तर रोजची फजिती होती. सगळ्यांत चकचकीत मोटार आमची आणि रिकामीही आमचीच. लोक यायचे, दिव्यांवर हात फिरवायचे, आणि हळूच विचारायचे, "हे तेच मोटार हाय न?" हे खोटं बोलायचे नाहीत. मग लोक सर्व्हिस मोटारीत एकमेकांच्या मांडीवर बसून जायचे, पण आमच्यात बसायचे नाहीत. एक कापडाचा व्यापारी, परगावचा, न विचारता बसला. आम्हाला आनंद झाला. तर गावच्या नाक्यावर कोणी काय सांगितलं, तो मागं वळून डाग पाहतो आणि "रोको रोको" करत उडी मारून खाली. संध्याकाळी हे घरी आले ते मोटारीतून उतरलेच नाहीत. समोरच्या हाकायच्या चाकावर डोकं ठेवून बसून राहिले.

"धुतली तं होती वं आपन," एवढंच म्हणाले.

त्या वेळी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. घोडी परत येणार नव्हती. मोटारीत माणूस बसलं नाही, तर आम्ही खायचं काय? आणि ह्यांचा उतरलेला चेहरा, तो मला पाहवेना. मीच म्हणाले, धुतल्यानं जात नाही ना, तर कापून टाकू तेवढं चामडं. दुसरं लावू.

गावात एक चाचा होते, घोड्यांची खोगिरं शिवणारे. आमच्या घोडीचं सगळं सामान त्यांच्याच हातचं. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, उद्याच येतो, चामडं कापायची रापी लावली की घटकाभराचं काम आहे.

सकाळी चाचा आले. मोटारीत चढले, डागाभोवती खडूनं गोल काढला, आणि पिशवीतून रापी काढून हाताच्या अंगठ्यावर धार पाहत होते, तेवढ्यात दारात एक दमणी येऊन थांबली. चांगल्या घरची, छत असलेली, पांढरे बैल. आतून एक म्हातारी उतरली. पायात वहाणा नव्हत्या, डोक्यावरून पदर, आणि चालणं असं की पाय कुठं पडतोय याचं भान नाही. ह्यांनी तिला ओळखलं आणि पटकन डोक्यावरचं पागोटं सारखं केलं. वकिलाची आई होती ती.

माझ्या मनात आलं, झालं, आता मोटार परत मागायला आली. मी कंबर कसून उभी राहिले. म्हणणार होते, बाईसाहेब, घोडी विकून घेतली आहे आम्ही, फुकट नाही घेतली.

ती मोटारीजवळ गेली. हात लावला नाही. म्हणाली, "मले न सांगताच विकून टाकली थोरल्यानं. मी खोलीतून बाहेर आली तं मोटार नाही दारात." मग माझ्याकडं वळून विचारलं, "कोन्या अंगाले बसत होता तो? तुले ठाऊक हाय काय? मले त्या दिवशी सोबत नेलं नाही कोनी. म्हणे, बायकांचं काम नाही."

माझं कंबर कसणं कुठल्या कुठं गेलं. मी नुसतं बोट दाखवलं, खडूच्या गोलाकडं.

चाचा रापी हातात घेऊन बाजूला सरकले. ती आत चढली, वाकली, आणि त्या डागापाशी तोंड नेलं. तिथंच थबकली.

"माह्यंच तेल हाय हे," ती म्हणाली. "म्या उकळलेलं. त्याचे केस लहानपणापासून कोरडे होते वं."

आणि तिनं त्या गोलात डोकं टेकवून डोळे मिटले. रडली नाही. लेकरू झोपलंय आणि त्याच्या शेजारी आपणही जरा पाठ टेकावी, तशी टेकली. मीच रडत होते, मोठ्यानं, नाक ओढत. मला पोर नव्हतं आणि पुढंही झालं नाही, पण त्या घडीला ती बाई मला जितकी कळली तितकं आजवर कोणी कळलं नाही. चाचांनी रापी पिशवीत टाकली, "या अल्ला" म्हणाले आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि ह्यांना म्हणाली, "मले मलकापूरले नेता काय? त्याच वाटेनं. स्टेशनापर्यंत."

ह्यांनी लगेच हँडल मारलं. मी तिच्या शेजारी बसले. बुलढाण्याच्या स्टँडवरून गेलो तेव्हा सगळे उतारू, सगळे ड्रायव्हर उभे राहून पाहत होते. देशमुखांची म्हातारी मागं डोकं टेकवून बसलेली त्यांना दिसली. घाटात ह्यांनी मोटार इतकी सावकाश उतरवली, की एक बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली. तिनं माझा हात धरला होता. कुठल्या वळणावर तो घट्ट झाला आणि कुठल्या वळणावर सैल, ते मला अजून आठवतं, पण सांगणार नाही.

स्टेशनावर ती उतरली नाही. बसल्या जागेवरून नागपूरकडं जाणारी गाडी पाहिली. गाडी निघून गेल्यावर म्हणाली, "पोचवला. चला."

आम्ही निघणार, तोच जानेफळचा एक म्हातारा, बरोबर बायको आणि दोन गाठोडी, बुलढाण्यापर्यंत येतो म्हणून जवळ आला. आला तसा थबकला. त्यानंही ऐकलेलं होतं. बायकोच्या कानाशी लागला, "मढ्याची मोटार ते हेच."

वकिलाच्या आईनं ते ऐकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मी तोंड उघडणार, तर तिनंच माझा हात दाबला. त्याला म्हणाली, "माह्या लेकाची मोटार हाय ही. बसा. जागा हाय."

ते दोघं बसले. ते आमचे शेवटपर्यंत बसलेले पहिले उतारू. घाट चढताना इंजिन तापलं, पाणी घालायला थांबलो, तर म्हाताऱ्याच्या बायकोनं गाठोड्यातले फुटाणे काढून सगळ्यांच्या हातावर ठेवले. वकिलाच्या आईनंही खाल्ले.

त्यानंतर आमच्या मोटारीला उतारू कमी पडले नाहीत. आई स्वतः बसते म्हटल्यावर विटाळ कसला आणि भ्या कसलं! ह्यांचा चेहरा पुन्हा वर आला. मोटार आम्ही पहिल्यासारखीच धुवायचो, आधी पाणी, मग फडकं. फक्त त्या गोलाला मी हात लावत नव्हते. एक पांढरं कापड शिवून वरून घातलं होतं. म्हातारी अमावस्येला यायची, तेव्हा मी ते काढायची. ती यायची, टेकायची, ह्यांनी घाटाच्या तोंडापर्यंत फिरवून आणायचं. पैसे द्यायला लागली तर हे हात जोडायचे.

पण डागच तो. बेसनानं, मुलतानी मातीनं गेला नाही, तो आपोआप जायला लागला. चामडं वाळत गेलं. एका उन्हाळ्यात मी कापड काढून नाक लावलं, तर नुसता चामड्याचा वास. चार दिवसांवर अमावस्या. ती येईल, टेकेल, आणि तिला काहीच लागणार नाही?

मी शेताच्या बांधावरून माका उपटून आणला. वाटला, तिळाच्या तेलात उकळला, कापूरकाचरी घातली. घरभर वास सुटला. ह्यांनी विचारलं, "काऊन वं, केस गळून राह्यले काय?" मी म्हटलं, "तुमचे काम करा." आणि ज्या जागेला मी महिनोन्महिने घासलं होतं, त्याच जागेला बोटानं तेल जिरवलं. थोडं थोडं, कडा पुसट ठेवून, जुनं वाटेल असं.

ती आली. नेहमीसारखी चढली, डोकं टेकवलं, डोळे मिटले. मी श्वास धरून उभी. मग तिनं एक डोळा उघडला आणि माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

तिनं डोकं उचललं नाही. मग हात पुढं करून माझ्या केसांवरून फिरवला आणि म्हणाली, "पुढच्या खेपेले कापूरकाचरी जरा कमी टाकजो पोरी. त्याले उग्र वास आवडत नव्हता."